चॅम्पियन ज्याला टाळायचे, त्या सॅम लँगफर्डला हेवीवेटच्या टायटलची एक मॅचसुद्धा का मिळाली नाही?

जानेवारी 1944. अल लेनी नावाचा एक क्रीडा पत्रकार न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका माणसाला शोधत फिरत होता. तो न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून या पेपरात काम करायचा. ज्याला शोधत होता तो एकेकाळचा बॉक्सर. लेनीने बऱ्याच जणांना विचारलं. अनेकांनी सांगितलं की तो माणूस कधीच वारला, उगाच वेळ घालवू नकोस.

पण लेनी काही ऐकेना. शेवटी एका जुनाट इमारतीतल्या छोट्याशा अंधाऱ्या खोलीत तो माणूस सापडला. जिवंत होता. पण दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली, जवळ पैसा नाही, विचारपूस करणारं कुणी नाही.

त्या माणसाचं नाव सॅम लँगफर्ड.

आता तुम्ही म्हणाल, हा कोण? मोहम्मद अली माहितीये, माईक टायसन माहितीये, अगदी जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमनही माहितीयेत. हा लँगफर्ड कुठून आला?

तर मुद्दा तोच आहे. बॉक्सिंगचा विषय निघाला की एक वाद ठरलेला असतो. हेवीवेटमध्ये सगळ्यात जास्त टॅलेंट कोणत्या काळात होतं? बहुतेक जण डोळे झाकून 1970 चं दशक सांगतात, आणि ते चुकीचंही नाही. 1971 मध्ये फ्रेझरने अलीला हरवलं, 1973 मध्ये फोरमनने फ्रेझरला हरवलं, 1974 मध्ये अलीने फोरमनला हरवलं. त्यात केन नॉर्टनने एका मॅचमध्ये अलीचा जबडाच मोडला होता. शिवाय मागे रॉन लाईल, अर्नी शेव्हर्स, जेरी क्वॉरी, जिमी यंग अशी रांग उभी. दुसऱ्या एखाद्या दशकात यातले दोन-तीन जण तरी सहज चॅम्पियन झाले असते.

पण त्याच्या साठ वर्षं आधी अशीच एक तगडी फळी होऊन गेली. फरक इतकाच की त्यातल्या बहुतेकांना टायटलच्या रिंगमध्ये कुणी पाऊलच ठेवू दिलं नाही. त्यामुळे चॅम्पियन लोकांची यादी काढली तर ही नावं त्यात सापडत नाहीत.

त्या फळीतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे सॅम लँगफर्ड.

घरातून पळालेलं पोरगं

सॅमचा जन्म कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. वेमथ फॉल्स नावाच्या छोट्या गावातला. जन्माचं साल कुणी 1883 धरतं, कुणी 1886. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्या काळी जन्माच्या तारखा जपून ठेवायची चैन नव्हती. बाप मारकुटा होता. त्याच्या माराला कंटाळून सॅम लहान वयातच घरातून पळाला आणि पडेल ते काम करत करत अमेरिकेतल्या बोस्टनला पोहोचला.

बोस्टनमध्ये त्याची गाठ पडली जो वुडमनशी. वुडमनचं औषधांचं दुकान होतं आणि सोबत तो एक बॉक्सिंग क्लबही चालवायचा. तिथे काम करता करता सॅमने हातात ग्लोव्ह्ज घातले. 1902 मध्ये तो प्रोफेशनल बॉक्सर झाला आणि वुडमन त्याचा मॅनेजर. पुढची बरीच वर्षं ही जोडी टिकली.

दिसायला सॅम काही हेवीवेट वाटायचा नाही. उंची कशीबशी साडेपाच फुटांच्या वर. पण खांदे रुंद, छाती भरलेली आणि हात उंचीच्या मानाने लांब. आणि ठोसा असा की शंभर वर्षं झाली तरी त्याची चर्चा संपलेली नाही. 2003 मध्ये द रिंग या बॉक्सिंगच्या जुन्या मासिकाने सर्वकाळातल्या शंभर सगळ्यात जबरी ठोसेबाजांची यादी काढली. त्यात पहिला होता जो लुईस आणि दुसरा सॅम लँगफर्ड. टायसन, फोरमन हे सगळे त्याच्या खाली.

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. खालून वर जायचं तर लाइटवेट, वेल्टरवेट, मिडलवेट असं करत शेवटी हेवीवेट. हेवीवेटचं वैशिष्ट्य म्हणजे त्याला वरची मर्यादाच नाही. त्यामुळे तिथे सगळ्यात धिप्पाड माणसं येतात आणि सगळ्यात जास्त पैसाही तिथेच असतो.

सॅम ही शिडी खालून वर चढत गेला. 1903 मध्ये, करिअरला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा त्याने जो गॅन्सला पॉइंट्सवर हरवलं. गॅन्स तेव्हा लाइटवेटचा वर्ल्ड चॅम्पियन होता. पण ती मॅच टायटलसाठी नव्हती, त्यामुळे सॅमच्या हाती पट्टा लागला नाही. 1904 मध्ये त्याने वेल्टरवेटचा चॅम्पियन जो वॉलकॉटशी टायटलची मॅच खेळली. ती बरोबरीत सुटली आणि नियमाप्रमाणे टायटल वॉलकॉटकडेच राहिलं.

सॅमच्या आयुष्यातली वर्ल्ड टायटलची संधी म्हणावी तर ती एवढीच. तेव्हा तो विशीच्या आसपास होता आणि त्याचे सगळ्यात चांगले दिवस अजून यायचे होते.

जॅक जॉन्सनची ती मॅच

26 एप्रिल 1906. बोस्टनजवळच्या चेल्सीमध्ये सॅमसमोर उभा होता जॅक जॉन्सन. पुढे जो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट वर्ल्ड चॅम्पियन झाला, तोच हा जॉन्सन. त्याचं वजन साधारण 84 किलो, सॅमचं जेमतेम 71. उंचीतही मोठा फरक.

15 राउंडची ही मॅच जॉन्सनने जिंकली, आणि स्पष्टपणे जिंकली. सॅमने भरपूर मार खाल्ला. पण तो शेवटपर्यंत उभा राहिला.

या मॅचबद्दल पुढे एक कहाणी पसरली. सॅमने जॉन्सनला खाली पाडलं होतं आणि त्याच्यावर अन्याय झाला, अशी ती कहाणी. ती पसरवण्यात मॅनेजर वुडमनचा मोठा हात होता. त्याला रीमॅचसाठी हवा तयार करायची होती. प्रत्यक्षात त्या काळच्या पेपरांतली वर्णनं उलट सांगतात. खाली पडला होता तो सॅम.

त्यामुळे जॉन्सन सॅमला कायमच घाबरत होता असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. पण 1906 चा सॅम आणि तीन-चार वर्षांनंतरचा सॅम यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. तो अंगाने भरला, अनुभवी झाला आणि थेट हेवीवेट लोकांना आडवं करायला लागला. नेमकं तेव्हाच जॉन्सनने त्याच्यासाठी दार लावून घेतलं.

1908 मध्ये जॉन्सन वर्ल्ड टायटलच्या मॅचसाठी धडपडत होता. तेव्हा लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबशी त्याची बोलणी झाली होती की टायटल जिंकलं तर तो लंडनला येऊन लँगफर्डशी लढेल. 26 डिसेंबर 1908 ला सिडनीमध्ये जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवलं आणि तो चॅम्पियन झाला. मग लंडनचा शब्द त्याने पाळलाच नाही.

1909 च्या मे महिन्यात सॅम मात्र लंडनला गेला. त्याच क्लबमध्ये त्याने ब्रिटनचा हेवीवेट चॅम्पियन आयर्न हेगला चौथ्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. पण जगज्जेता समोर आला नाही तो नाहीच.

जॉन्सनने असं का केलं?

हे समजून घ्यायचं तर कलर लाइन म्हणजे काय ते माहीत पाहिजे. बॉक्सिंगमध्ये तेव्हा आजच्यासारख्या संघटना नव्हत्या, सक्तीचा चॅलेंजर असला प्रकार नव्हता. चॅम्पियन म्हणेल त्याच्याशीच मॅच व्हायची. जॉन सलिव्हन 1880 च्या दशकात हेवीवेटचा चॅम्पियन होता. त्याने जाहीरच करून टाकलं होतं की तो कृष्णवर्णीय बॉक्सरशी टायटलसाठी लढणार नाही. त्याच्यानंतरच्यांनीही तीच री ओढली.

याचा पहिला मोठा बळी होता पीटर जॅक्सन. ऑस्ट्रेलियात तयार झालेला हा कृष्णवर्णीय बॉक्सर 1891 मध्ये जिम कॉर्बेटशी 61 राउंड लढला. कुणीच हरेना, शेवटी मॅच निकालाविना थांबवली. पुढच्याच वर्षी कॉर्बेटला सलिव्हनशी टायटलसाठी लढायला मिळालं आणि तो चॅम्पियन झाला. जॅक्सनला कधीच मिळालं नाही.

जॉन्सनने ही भिंत फोडली. पण फोडल्यावर तो स्वतःच दारात उभा राहिला. 1910 मध्ये त्याने गोऱ्यांची शेवटची आशा समजल्या जाणाऱ्या जिम जेफ्रीजला हरवलं, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली. या द्वेषात एक व्यवहारही होता. जॉन्सन हरताना पाहायला गोरे प्रेक्षक वाटेल तेवढे पैसे मोजायला तयार होते. समोर गोरा बॉक्सर असेल तर बक्कळ कमाई, आणि तो बहुतेक वेळा सोपा. समोर लँगफर्ड असेल तर कमाई कमी आणि टायटल जाण्याची भीती जास्त. शिवाय जॉन्सनचं म्हणणं असं की या सगळ्यांना आपण आधीच हरवलेलं आहे. ते खोटंही नव्हतं, पण जुनं झालं होतं.

1913 मध्ये पॅरिसमध्ये त्याने एका कृष्णवर्णीय बॉक्सरला टायटलची मॅच दिली. पण तो लँगफर्ड नव्हता, बॅटलिंग जिम जॉन्सन होता. लँगफर्डने ज्याला आधी हरवलं होतं असा हा गडी. तरीसुद्धा ती मॅच बरोबरीत सुटली. त्या जागी लँगफर्ड असता तर काय झालं असतं, हा प्रश्न बॉक्सिंगवाले आजही एकमेकांना विचारतात.

मग ही माणसं लढायची कुणाशी?

एकमेकांशी. पुन्हा पुन्हा, तेच ते चेहरे.

दार बंद म्हटल्यावर बाहेर राहिलेल्यांनी आपलंच एक टायटल चालवलं. त्याला वर्ल्ड कलर्ड हेवीवेट चॅम्पियनशिप म्हणायचे. लँगफर्डने हे टायटल एकदा नाही, पाच वेळा जिंकलं. त्याच्यासोबत मुख्यतः तिघे जण होते.

पहिला जो जेनेट, न्यू जर्सीचा. दुसरा सॅम मॅकव्ही, मूळचा टेक्सासचा, पण पॅरिसमध्ये प्रचंड लोकप्रिय. या दोघांची 17 एप्रिल 1909 ची पॅरिसमधली मॅच वाचताना विश्वास बसत नाही. जेनेट 27 वेळा खाली पडल्याचं सांगितलं जातं. प्रत्येक वेळी तो उठला. शेवटी 49 वा राउंड सुरू व्हायची वेळ आली तेव्हा मॅकव्ही आपल्या कोपऱ्यातून उठूच शकला नाही आणि जेनेट जिंकला.

तिसरा हॅरी विल्स, न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात मालाची चढउतार करणारा. वयाने सगळ्यांत लहान, अंगाने धिप्पाड. 1914 मध्ये लँगफर्ड आणि विल्स कॅलिफोर्नियात भिडले. सुरुवातीच्या राउंडमध्ये विल्सने लँगफर्डला वारंवार खाली पाडलं. बघणाऱ्यांना वाटलं खेळ खल्लास. पण लँगफर्ड टिकून राहिला आणि 14 व्या राउंडमध्ये त्याने विल्सलाच नॉकआउट केलं. 1916 मध्ये न्यू ऑर्लिन्सला, विल्सच्या घरच्या मैदानात, त्याने हेच पुन्हा केलं. या वेळी 19 व्या राउंडमध्ये.

आता आकडे बघा. जेनेटशी लँगफर्ड साधारण 14 वेळा लढला, मॅकव्हीशी 15 वेळा आणि विल्सशी तर 16-17 वेळा. अली आणि फ्रेझर एकमेकांशी फक्त तीनदा लढले, आणि त्या तीन मॅचेसने दोघांचं शरीर कसं पोखरलं हे सगळ्यांना माहितीये. इथे एक माणूस त्याच दर्जाच्या तीन गड्यांशी मिळून पंचेचाळीसच्या आसपास वेळा लढला. बोस्टनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, पॅरिसमध्ये, ऑस्ट्रेलियात, जिथे कुणी पैसे देईल तिथे.

पैसेही कितीसे? टायटलच्या एका मॅचमध्ये चॅम्पियनला जेवढे मिळायचे त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत एवढे. म्हणून मग पुन्हा मॅच, पुन्हा प्रवास. लँगफर्डच्या नोंदल्या गेलेल्या मॅचेसच अडीचशे ते तीनशेच्या घरात जातात आणि त्यातले शंभराहून जास्त विजय नॉकआउटने आलेत. हा आकडा ऐकायला भारी वाटतो. पण एखाद्याला चॅम्पियन होऊन वर्षाला एक-दोन मॅचेस खेळता आल्या असत्या, तर त्याच्यावर तीनशे मॅचेस खेळायची वेळ आली नसती.

डोळे गेले, मॅचेस थांबल्या नाहीत

5 एप्रिल 1915 ला हवानामध्ये जेस विलार्डने जॅक जॉन्सनला हरवलं आणि हेवीवेटचं टायटल पुन्हा गोऱ्या बॉक्सरकडे गेलं. दार आधी अर्धवट लावलेलं होतं, त्याला आता कुलूपच लागलं. विलार्डने कृष्णवर्णीयांना टायटलची मॅच द्यायला नकार दिला.

1919 मध्ये जॅक डेम्प्सी चॅम्पियन झाला. हा तर त्या काळचा सुपरस्टार. 1916 मध्ये नवखा असताना डेम्प्सीला लँगफर्डशी लढायची ऑफर आली होती, ती त्याने नाकारली. पुढे आत्मचरित्रात त्याने मोकळेपणाने कबूल केलं की लँगफर्डसमोर उभं राहायची आपल्याला भीती वाटायची.

तोवर लँगफर्डचं शरीर थकायला लागलं होतं. 1917 मध्ये बोस्टनला फ्रेड फुल्टनशी त्याची मॅच झाली. फुल्टन उंचीला त्याच्यापेक्षा जवळपास एक फूट जास्त. त्या मॅचमध्ये लँगफर्डच्या डाव्या डोळ्याला जबर मार बसला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली ती गेलीच.

आज असं झालं तर त्या बॉक्सरचं लायसन्स दुसऱ्या दिवशी रद्द होईल. लँगफर्ड पुढे नऊ वर्षं लढत राहिला. दुसरा डोळाही हळूहळू अधू होत गेला. दुसरं काही येत नव्हतं आणि साठवलेलं काही उरलं नव्हतं.

याच काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय लँगफर्ड काय चीज होता ते कळत नाही. जून 1922 मध्ये अटलांटामध्ये त्याच्यासमोर टायगर फ्लॉवर्स नावाचा तरणाबांड बॉक्सर होता. लँगफर्डला तोवर धड दिसत नव्हतं आणि वयाची पस्तिशी कधीच उलटली होती. त्याने फ्लॉवर्सला दुसऱ्याच राउंडमध्ये नॉकआउट केलं. हाच फ्लॉवर्स 1926 मध्ये मिडलवेटचा पहिला कृष्णवर्णीय वर्ल्ड चॅम्पियन झाला.

1923 मध्ये तर त्याने मेक्सिकोत जाऊन तिथलं हेवीवेट टायटल जिंकलं. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. समोरचा माणूस जवळ येईपर्यंत थांबायचं, अंगाला अंग लागलं की अंदाज घ्यायचा आणि ठोसा मारायचा. 1926 मध्ये तेही जमेनासं झालं आणि तो थांबला.

त्यानंतर लँगफर्ड लोकांच्या नजरेतून गायबच झाला. अठरा वर्षांनी अल लेनी त्या हार्लेमच्या खोलीत पोहोचेपर्यंत.

लेनीची बातमी छापून आली आणि लोक हळहळले. देणग्या यायला लागल्या. दहा हजार डॉलर्सच्या वर निधी जमला आणि त्यातून लँगफर्डच्या महिन्याच्या खर्चाची सोय झाली. त्याला भेटून आलेल्यांना एका गोष्टीचं नवल वाटायचं. हा माणूस कुढत बसलेला नव्हता. जुने किस्से सांगायचा, हसायचा, कुणाबद्दल तक्रार करायचा नाही.

1955 मध्ये द रिंग मासिकाने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. वर्ल्ड चॅम्पियन न झालेल्या बॉक्सरला तिथे जागा मिळाल्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्याच वर्षी, 12 जानेवारी 1956 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये लँगफर्डचं निधन झालं.

बाकीच्यांचं काय झालं?

सॅम मॅकव्ही 1921 मध्येच न्यूमोनियाने गेला. जवळ काही नव्हतं. त्याच्या अंत्यविधीचा खर्च जॅक जॉन्सनने केला. जो जेनेटने पुढे स्वतःची जिम चालवली आणि पोरांना बॉक्सिंग शिकवलं. हॅरी विल्स अनेक वर्षं डेम्प्सीचा पहिल्या नंबरचा चॅलेंजर मानला जायचा. 1925 मध्ये दोघांच्या मॅचच्या करारावर सह्यासुद्धा झाल्या, पण ती मॅच कधी झालीच नाही. विल्सने मिळालेल्या पैशातून हार्लेममध्ये मालमत्ता घेतली आणि तो सुखात राहिला. चौघांत त्यातल्या त्यात नशीबवान तोच.

जॉन्सन हरल्यानंतर हेवीवेटच्या टायटलसाठी पुन्हा कृष्णवर्णीय बॉक्सर रिंगमध्ये उतरला तो थेट 22 जून 1937 रोजी. त्याचं नाव जो लुईस. त्या रात्री त्याने जेम्स ब्रॅडॉकला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं आणि पुढे 25 वेळा टायटल राखलं. मधली 22 वर्षं दार बंद होतं.

आता सुरुवातीच्या वादाकडे परत येऊ. 1970 चं दशक हेवीवेटचा सुवर्णकाळ होतं, यात शंका नाही. पण अली, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन या चौघांकडे नीट बघा. चौघेही कृष्णवर्णीय. हेच चौघे 1915 नंतर जन्माला न येता लढायला उतरले असते, तर त्यांनीही एकमेकांशी पंधरा-पंधरा मॅचेस खेळल्या असत्या, कुठल्या तरी लहान हॉलमध्ये, तुटपुंज्या पैशांवर. आणि चॅम्पियनच्या पट्ट्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव असतं. मग आज आपण त्या दशकाला सुवर्णकाळ म्हटलं असतं का?

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी चॅम्पियन लोकांची यादी दाखवून अमुक काळ कच्चा होता असं म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा की त्या काळात रिंगमध्ये यायची परवानगी कुणाकुणाला होती.